यंत्राची सात भोकं

“अहो शेट, सुईत दोरा ओवायचाय, दोऱ्यात सुई नाही!” रूथबाई म्हणाल्या, आणि भिंतीपलीकडे हे हसले.

मी मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसले होते. त्या हसण्यासरशी माझा हात चुकला. चांगला दाणा बाहेर गेला आणि खडा सुपातच राहिला. दुपारी तो नेमका मामंजींच्या दाताखाली आला. “सूनबाई, लक्ष कुठं असतं तुमचं?” म्हणाले. लक्ष कुठं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं, पण ते सासऱ्यांना सांगण्याजोगं नव्हतं.

आमचं दुकान नगरच्या कँपात होतं. पुढे दुकान, मागे आम्ही. मामंजी मूळचे वेंगुर्ल्याचे. पलटणीमागोमाग घाट चढून वर आले आणि गोऱ्यांना काय काय लागतं ते बघत बघत दुकान वाढवत गेले. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, मुरंब्याच्या बाटल्या, घासलेटचे दिवे, त्यांच्या काचेच्या चिमण्या, दाढीचा साबण, लोखंडी इस्त्र्या, कॉफी दळायची चक्की. दांडा फिरवून दुधाचं बर्फ करायचं एक लाकडी पिंपही होतं. पण आधी दुसरं बर्फ आणा, मग हे बर्फ करणार, असा त्याचा न्याय. त्यामुळे ते कुणी घेतलं नाही. त्यात मी चिंच ठेवत असे.

त्या साली पावसाळ्याच्या तोंडाला मुंबईहून दोन शिवणयंत्रं आली. काळीभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, उजव्या हाताला एक चाक आणि त्याला दांडा. मडमा आपली यंत्रं थेट मुंबईहूनच मागवत. आणि आपल्याकडच्या घरंदाज बायका काही दुकानाची पायरी चढायच्या नाहीत. तेव्हा यंत्र घरोघर नेऊन दाखवायचं असं मामंजींनी ठरवलं. पण बायकांना दाखवणार कोण? पुरुष चालणार नाही. म्हणून मिशनच्या शाळेत मुलींना शिवण शिकवणाऱ्या रूथबाई साळव्यांना त्यांनी दुकानात आणलं. बोली अशी की संक्रांतीपर्यंत एखाद्या मोठ्या घरी यंत्र गेलं तर रूथबाई कायम. नाही गेलं तर यंत्रं परत मुंबईला आणि रूथबाई आपल्या घरी. शाळेनं तिकडे लगेच दुसरी बाई ठेवली होती. रूथबाईंच्या यजमानांना जाऊन चार वर्षं झाली होती, घरी आंधळी सासू होती. म्हणजे हे यंत्र खपणं त्यांना आमच्यापेक्षा जास्त गरजेचं होतं.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणून केलं, असं मी म्हणणार नाही.

रूथबाई काळ्यासावळ्या, शेलाट्या, तिशीच्या. पांढरं लुगडं, पायात बूट. आमच्या दुकानात खुर्चीवर बसत. खुर्चीवर! मी त्या घरात चार वर्षं होते आणि दुकानाचा उंबरा ओलांडला तो केर काढण्यापुरता. त्या खुर्चीवर आणि हे समोर स्टुलावर. बाई दांडा फिरवायच्या, हे कापड धरायचे, कापड तिरकं जायचं आणि दोघं हसायचे.

जेवताना तर कहर. “रूथबाई म्हणत होत्या, जाड कापडाला जाड सुई लागते.” मी भाजी वाढली. “रूथबाईंनी आज धोट्यात दोरा कसा भरतात ते दाखवलं.” मी आमटी वाढली. “रूथबाई म्हणतात...”

“रूथबाई मीठ किती म्हणतात?” मी विचारलं.

हे भोळेपणानं म्हणाले, “मीठ? ते कशाला सांगतील त्या?”

दुकान आणि मागची खोली यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती. बिस्किटांच्या खोक्यांमागे तिथे एक फट होती, बोटभर रुंद. दुपारची कामं आटोपली की मी त्या फटीला डोळा लावून उभी राहायची. दोघांवर पाळत ठेवतेय, असं मी स्वतःला सांगत असे. रोज, पाच महिने. यांचं डोकं मात्र मला अर्धवटच दिसायचं. दिसायचं ते यंत्र. दुपारी बसल्या की झाकणाचं कापड काढून बाई आधी यंत्राला तेल घालायच्या. लांब चोचीची पितळी कुपी घ्यायची, चाकाजवळ एक थेंब, वर सुईच्या दांडीशी एक, मग यंत्र कलतं करून पोटाखाली. एकंदर सात भोकं.

मार्गशीर्षात एकदा हे उड्या मारतच आत आले. “उद्या इनामदारांकडे बोलावलंय! आक्कासाहेबांच्या नातीचं लग्न आहे माघात. चोळ्या शिंप्याकडे द्यायच्या नाहीत म्हणतात, परक्या पुरुषानं मापं घेतलेली त्यांना चालत नाहीत. यंत्र घरी घेणार! रूथबाईंनी यंत्र चालवलं ना, की बघणारा खुळाच होतो.”

“हो, दिसतंय,” मी म्हणाले.

आमच्या वेंगुर्ल्याकडे खोबरेल कधी गोठत नाही. लग्न होऊन नगरला आले त्या पहिल्या थंडीत माझी तेलाची बाटली सकाळी पांढरी दगड झालेली बघून मी रडायलाच लागले होते. माहेरचं तेल नासलं, असं वाटलं. शेजारणीनं हसत हसत बाटली उन्हात नेऊन ठेवली होती. तेव्हापासून मला पक्कं ठाऊक होतं, दुपारी पाण्यासारखं असणारं खोबरेल नगरच्या सकाळी काय होतं ते.

त्या दुपारी रूथबाई भाकरी खायला घरी गेल्या. हे आणि मामंजी पानावर होते. त्यांना वाढून मी “दही आणते” म्हणून उठले, पण गेले दुकानात. यंत्र पुसून, तेलपाणी करून उद्याकरता तयार ठेवलं होतं. मी बाटली तिरकी करून सातही भोकांत खोबरेल सोडलं. एकदोन थेंब नाही, चांगलं भरभरून. पदरानं ओघळ पुसले. मग दही घेऊन गेले.

माझा हेतू फार मोठा नव्हता. चारचौघींत त्या बाईचं चाक अडावं, यांनी ते उभं राहून बघावं, आणि संक्रांतीला आमच्या दुकानात ती खुर्ची रिकामी असावी. बस, इतकंच.

संध्याकाळी यंत्र पेटीत घालून मामंजींनी कुलूप लावलं, किल्ली कमरेला अडकवली आणि मला हाक मारली.

“सूनबाई, उद्या तुम्हांलाही जायचंय.”

“मी? मी कशाला?”

“निरोप आलाय इनामदारांचा. किरिस्ताव बाई ओसरीच्या आत चालायची नाही. यंत्र माजघरात तुम्ही चालवायचं.”

“मामंजी, मला कुठं येतं ते?”

“यायचंय काय त्यात? दांडा फिरवायचा. रूथबाई ओसरीवरून सांगतील तसं करायचं.”

“पण मी... मला...”

“उद्या पहाटे गाडी येईल,” म्हणून ते उठून गेले. पेटीच्या कुलपाकडे बघत मी तशीच उभी राहिले.

पहाटे बोचरी थंडी होती. बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. हे पुढे गाडीवानाशेजारी बसले, मागे यंत्राची पेटी, पेटीच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला रूथबाई.

“वहिनी, हात पुढं करा,” त्या म्हणाल्या. माझी तर्जनी धरून म्हणाल्या, “ही समजा सुई. ही वरखाली होणार. कापड ओढायचं नाही. त्याचं ते जातं, आपण नुसती वाट दाखवायची.”

मी बोट सोडवून घेतलं. “कळलं.”

“रागावलात?”

“थंडी आहे.”

त्या हसल्या. “बघा हं, आज माझी भाकरी तुमच्या उजव्या हातात आहे. जरा जपून फिरवा.”

मी बाहेर बघत राहिले. हात पदराखाली घेतला.

इनामदारांच्या माजघरात पंधरावीस बायका जमल्या होत्या. चौरंगावर यंत्र ठेवलं. दारावर पडदा, पडद्यापलीकडे मधला चौक आणि त्यापुढे ओसरी. ओसरीच्या टोकाला, खाली पायरीवर, रूथबाई बसल्या. हे अंगणात बैलांपाशी. आक्कासाहेब म्हणजे सत्तरीची सुकलेली बाई, पण आवाज खणखणीत. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

“नाव काय गं तुझं?”

“मंजुळा.”

“हं. चालव.”

मी दांड्याला हात घातला. चाक जागचं हललं नाही. पुन्हा जोर केला. कुरकुरलं, तसूभर सरकलं आणि थांबलं. कपाळाला घाम आला, त्या थंडीत. एकजण हसली, मग तिच्याकडे बघून दुसरी.

“काय गं,” आक्कासाहेब म्हणाल्या, “विलायतेहून इथवर आलं आणि माझ्या माजघराला भ्यालं होय?”

“वहिनी, काय झालं?” ओसरीवरून आवाज आला.

“फिरत नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

“जोर लावू नका! सोडा. आता हलकेच उलटं फिरवा. मला ऐकू द्या.”

मी उलटं फिरवलं. बायका गप्प झाल्या. पडद्याकडे बघायला लागल्या, जणू बाई पडद्यातच होती.

“यंत्र चौकात आणता येईल का? उन्हात?”

दोघीजणींनी मिळून चौरंग उचलून चौकात आणला. आता मी आणि रूथबाई एकमेकींना दिसत होतो. मध्ये दहाबारा पावलांचं अंतर. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे वाहत होता. त्यांनी मान जरा वर केली, श्वास घेतला, आणि माझ्याकडे बघितलं. बघतच राहिल्या.

मला वाटलं, झालं. आता बोलणार.

“थंडीनं तेल जड झालंय,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “आक्कासाहेब, दिव्यातलं थोडं घासलेट आणि कापूस द्यायला सांगा. घटकाभरात चालेल.”

हे अंगणातून म्हणाले, “अहो, पण तेल तर खास यंत्राचं, ते कसं जड...”

“शेट, तुम्ही बैल बघा,” रूथबाई म्हणाल्या.

घासलेट आलं. रूथबाईंना यंत्राला हात लावायची सोय नव्हती, नाहीतर ते पुन्हा आत गेलं नसतं. “बोळा भिजवा. आधी चाकाजवळचं भोक, उजवीकडे,” त्या सांगू लागल्या. “त्यात पिळा. आता दुसरं, वर, सुईच्या दांडीपाशी...”

मी बोळा पिळला, चाक हलवलं. पांढरं दह्यासारखं बाहेर आलं, ते पुसलं. यंत्र कलतं केलं. पोटाखालचं तिसरं भोक आडबाजूला आहे, बोटानंच सापडतं. तिथे पिळलं, पुसलं. चौथं. मग पाचवं. माझे हात भराभर चालत होते, आणि एकाएकी माझ्या ध्यानात आलं की ओसरीवरून आवाज यायचा केव्हाच थांबला आहे. कुणीही सांगत नव्हतं. मी आपलीच करत होते.

वर बघायची हिंमत झाली नाही. सहावं, सातवं उरकलं. मग दांडा धरला, आणि चाक फिरलं.

खटखटखटखट असा आवाज चौकभर झाला. एका पोरीनं हिरव्या खणाचे दोन तुकडे पुढे केले. मी ते सुईखाली दिले. ओढले नाहीत. ते आपले आपण पुढे सरकत गेले आणि मागून टाके येत राहिले, मुंग्यांच्या रांगेसारखे. मी कोण, कुठं बसलेय, काय करून बसलेय, त्या वीतभर शिवणीपुरतं काही काही उरलं नाही.

आक्कासाहेबांनी तुकडे दोन्ही हातांनी धरून उसवायचा प्रयत्न केला. उसवेनात. “राहू दे हे इथं,” त्या म्हणाल्या. “आणि पोरींना शिकवायला गुरुवारपासून हिला पाठवा. नुसती हिलाच. रोज रोज ओसरी धुवायला माझ्याकडे माणसं नाहीत.”

घरी पोचलो तेव्हा मामंजी दुकानाच्या पायरीवर उभे होते. ऐकून खूश झाले. रूथबाई यंत्राची रिकामी पेटी उतरवून घेत होत्या, तेवढ्यात ते यांना हळूच म्हणाले, “मग आता त्या बाई कशाला? सूनबाई जातील. घरच्या घरी काम होईल.”

“तेही खरंच,” हे म्हणाले. आणि मला म्हणाले, “भूक लागलीय गं.”

मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पाच महिने जिच्यापायी मी तांदळातले खडे सोडले आणि दाणे टाकले, ती बाई एका ‘तेही खरंच’मध्ये निघून गेली. यांच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मत्सर होता तिथंच होता, नुसता यांच्यावरून उठून गेला होता. मग तो बसला होता कुणावर?

रूथबाईंनी ते ऐकलं असावं. मी दुकानात गेले तेव्हा त्या आपली कात्री, अंगुस्तान, टेप फडक्यात बांधत होत्या.

“ते तेल,” मी म्हणाले. पुढचं येईना.

“वेंगुर्ल्याचं ना?” त्या गाठ मारत म्हणाल्या. “वास छान आहे. ओसरीपर्यंत आला.”

“मग तिथं का नाही बोललात?”

“बोलले असते तर यंत्र परत आलं असतं. मला ते विकायचं होतं.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग होता, नाही असं नाही. “एवढा काय राग, वहिनी? शेटजींपायी?”

“तुम्ही त्यांच्याशी हसत होता.”

“हसू नको तर रडू? पाच महिने झाले, त्या माणसाला सुईत दोरा ओवता आला नाही अजून! आणि राग नवऱ्यापायी असता तर तुम्ही माझ्या बुटात खिळा टाकला असता. यंत्राची सात भोकं कशाला पाठ केलीत?”

माझी नजर खोक्यांमागच्या फटीकडे गेली.

“ते पोटाखालचं भोक आमच्या शाळेतल्या मुलींना वर्ष वर्ष सापडत नाही. तुम्ही फटीतून बघून शिकलात. एक चुकलं नाही. काल घालतानाही नाही, आज काढतानाही नाही.”

“फट तुम्हांला माहीत होती?”

“पहिल्याच आठवड्यात डोळा दिसला तिथं. म्हणून तर यंत्राचं तोंड मी तिकडं करून ठेवायचे. मला वाटलं, कुणीतरी शिकतंय.”

त्यांनी फडकं काखेत मारलं आणि बूट घालायला बसल्या. मला नवरा परत मिळवायचा नव्हता. तो कुठं गेलाच नव्हता, त्याला भूक लागली होती. मला ते चाक हवं होतं, आणि ते ज्या बाईच्या हातात होतं तिचा मी पाच महिने द्वेष केला. आणि आता चाक माझ्याकडे आलं होतं, तिच्या भाकरीसकट.

“बूट घालू नका,” मी म्हणाले, आणि मामंजींपुढे जाऊन उभी राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा, न बोलावता.

“मी गुरुवारी जाणार नाही.”

“का? आज तर केलंत की!”

“रूथबाई बोलत होत्या म्हणून झालं. त्या ओसरीवर नसतील तर मी दांड्याला हात लावणार नाही. अडलं तर यंत्र परत येईल, मामंजी. दुसरंही खपणार नाही.”

“आक्कासाहेब तिला नको म्हणाल्यात ना?”

“ओसरी मी स्वतः धुऊन देते म्हणून सांगा.”

मामंजी माझ्याकडे बघत राहिले, मग यांच्याकडे. हे म्हणाले, “तेही खरंच.” माझ्या संसारात त्या दोन शब्दांचा मला एवढा एकदाच उपयोग झाला.

रूथबाई राहिल्या. खोबरेलाचं मात्र मी घरात कधीच कुणाला सांगितलं नाही. तितकी काही मी शूर नव्हते.

अकरा वर्षं आम्ही दोघी अशा हिंडलो. मी माजघरात, त्या ओसरीवर. त्यांनी शिकवायचं, मी करायचं, आणि बायकांनी मला ‘यंत्रवाल्या मंजुळाबाई’ म्हणायचं. महिन्याभरातच मला त्यांची गरज उरली नव्हती. ते त्यांनाही कळलं होतं आणि मलाही, आणि आम्ही दोघींनी ते मामंजींना कळू दिलं नाही. परतताना गाडीत त्या विचारायच्या, आत काय काय होतं? भिंतीला रंग कसला? नवरीचा खण कुठला? मी सगळं सांगायची. भांडी, दागिने, कोण कुणावर रुसलंय. एकच गोष्ट मी सांगितली नाही. प्लेगच्या साली रूथबाई गेल्या. त्याआधी सांगायला किती फेऱ्या मिळाल्या होत्या, तरी नाहीच सांगितली.

तो पहिला गुरुवार. पोरी शिवत होत्या, पडद्यापलीकडून रूथबाईंचा आवाज येत होता. आक्कासाहेब माझ्या कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “ती बाहेरची बाई नुसत्या आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखते गं. असलं डोकं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. तिला आत घेता आलं असतं ना, तर तुला कुणी बोलावलंच नसतं.”

संध्याकाळी गाडीत बसलो. रूथबाईंनी बूट झटकले, पाय वर घेतले.

“काय म्हणाल्या आक्कासाहेब?”

“यंत्र छान चालतंय म्हणाल्या.”

“आणि?”

“आणि काही नाही,” मी म्हणाले.